वीतभर तांबं

वहिनींच्या यजमानांना त्यांचे मित्र कानसेन म्हणत. चेष्टेत सुरू झालेलं नाव, पण यजमानांनी ते पदवीसारखं मिरवायला घेतलं. एरवी माणूस तसा वाईट नव्हता. कारखान्यांमधले बॉयलर तपासायचे, दाबाचे काटे बघायचे, वेळेवर घरी यायचे. पण दिवाणखान्यामागच्या त्या खोलीत शिरले की त्यांच्या अंगात यायचं.

खोलीत पुरुषभर उंचीचे दोन स्पीकर होते आणि त्यांच्यासमोर नेमक्या जागी एकच खुर्ची. ती अर्थातच कानसेनांची. रविवारी सकाळी बैठक भरली की बाकीच्यांनी मागच्या बाकावर बसायचं. बाकीचे म्हणजे दोघंच: दातांचे डॉक्टर आणि एक विमा एजंट. वहिनींनी चहा आणायचा, कप ठेवताना आवाज करायचा नाही, आणि आल्या पावली परत जायचं.

स्पीकरला जोडलेली तार कशाची आहे, यावर आवाजाचं सगळं नशीब ठरतं, असं कानसेनांचं ठाम मत होतं. तांब्याच्या तारेतून म्हणे आवाज जाडाभरडा होऊन येतो आणि चांदीच्या तारेतून धुवून पुसून येतो. एकदा भर बैठकीत त्यांनी वहिनींना आपल्या खुर्चीत बसवलं, तारा बदलून बदलून एकच गाणं ऐकवलं आणि विचारलं, ‘‘बोल, फरक काय?’’

‘‘मला तर दोन्ही सारखंच वाटतं,’’ वहिनी म्हणाल्या. खोटं कशाला बोलायचं?

‘‘कान आहेत की बटाटे?’’ कानसेन म्हणाले. विमा एजंट इतका हसला की त्याच्या बशीतला चहा सांडला. तो पुसायलाही वहिनीच.

यंदा कानसेनांनी खोलीचा कायापालट करायचं मनावर घेतलं. तारा जमिनीवरून लोळत जातात ते त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं. म्हणून दोन्ही बाजूंच्या भिंतींत झिऱ्या पाडायच्या, त्यांत शुद्ध चांदीची तार पुरायची आणि वरून गिलावा करून टाकायचा, असं ठरलं. त्या तारेच्या किमतीचा विषय घरात काढायची सोय नव्हती. वायरमन शहाणा होता. तो म्हणाला, ‘‘साहेब, आधी पाइप टाकू आणि त्यातून तार ओवू. उद्या काही झालं तर ओढून काढता येईल.’’

‘‘प्लास्टिकच्या पाइपात आवाज कोंडतो,’’ कानसेन म्हणाले. ‘‘सुती कापड गुंडाळ आणि सरळ गिलाव्यात जाऊ दे.’’

वायरमनने वहिनींकडे बघितलं. वहिनींनी छताकडे बघितलं.

नेमकं त्याच वेळी कानसेनांना कुठल्याशा कारखान्यात बॉयलर बघायला जावं लागलं. जाताना त्यांनी बायकोला बजावलं, ‘‘डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव. चांदी आहे ती.’’ वहिनींनी खरोखरच लक्ष ठेवलं. स्टूल टाकून धुळीत बसल्या, गवंड्याला चहा दिला, वायरमनला पाणी दिलं, आणि तार भिंतीत जाताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत राहिल्या. दोन्ही बाजूंची तार अखंड गेली. कुठे कापली नाही, कुठे जोडली नाही. मग गवंड्याने थापीने गिलावा ओढला, रंगाऱ्याने रंग दिला, आणि चांदी जगाच्या नजरेआड झाली.

कानसेन परत आले, त्यांनी ऐकलं आणि भारावून गेले. आता एकच काम उरलं होतं. जुना कॅसेट डेक नव्या थाटाला शोभेल असा लावून घ्यायचा. त्यासाठी कॅसेटवर वेगवेगळ्या उंचीचे सूर भरून तपासावे लागतात, आणि कॅसेट मेटलची, म्हणजे सगळ्यात भारी जातीची, हवी. असल्या कॅसेटी आता कोणी बनवत नाही. कानसेनांनी बाजार पालथा घातला. मग त्यांना आठवलं, एक घरातच आहे.

वहिनींच्या कपाटात, कपड्यांच्या खाली, एक कॅसेट होती. नवं लग्न झालेलं असताना कानसेनांनी असल्या कॅसेटींचा खोका आणला होता, त्यातली एक वहिनींनी हळूच काढून घेतली होती आणि माहेरी नेऊन आईच्या नकळत यंत्र चालू केलं होतं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती आणि घालता घालता गुणगुणत होती. चाल तिची तिचीच, शब्द नव्हतेच. मधे नळ गळत होता, कुणीतरी भांडं आपटलं, आणि शेवटी आईचं लक्ष गेलं. ‘‘अगं, बंद कर ते! माझा कसला आवाज भरतेस, उगाच टेप वाया जाते तुझी.’’ आणि मग हसू. एवढंच.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वहिनी ती कॅसेट सारखी लावत नसत. क्वचित, घरात कोणी नसताना, एखाद्या वेळी. ती कपाटात आहे, एवढं त्यांना पुरत होतं. चुकून कोणी पुसू नये म्हणून त्यांनी कॅसेटच्या कडेची बारकी खिट्टी मोडून टाकली होती. खिट्टी मोडली की यंत्र त्या कॅसेटवर नवीन काही भरूच देत नाही.

त्या दिवशी कपडे ठेवताना त्यांच्या हाताला कॅसेट लागली नाही. त्या खोलीत गेल्या. कॅसेट डेकमध्येच होती. त्यांनी बटण दाबलं. आतून एक सलग, सपाट सूर आला. मग त्याच्याहून वरचा. मग त्याच्याहूनही वरचा, दाताला झोंबणारा. त्यांनी कॅसेट पुढे पळवली, उलटी करून घातली, परत पळवली. सगळीकडे तेच.

कानसेन मागे येऊन उभे राहिले होते. ‘‘कसा सरळ आलाय बघ सूर.’’

‘‘यावर आई होती,’’ वहिनी म्हणाल्या.

‘‘कोण? हां, ती! अगं, त्यात होतं काय? खरखर आणि भांडी. टेप मात्र अस्सल.’’

‘‘मी खिट्टी मोडली होती.’’

‘‘त्याला काय होतंय? भोकावर चिकटपट्टी लावली की भरता येतं.’’ हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर चक्क कौतुक होतं. स्वतःच्या युक्तीचं.

‘‘पुसण्याआधी ऐकलंत तरी का?’’

‘‘सुरुवात ऐकली ना. सगळं कशाला ऐकायचं?’’

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.   त्यांनी कॅसेट काढली, मुठीत धरली आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून रडल्या. नळ सोडून रडल्या, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. त्या कानांना ते ऐकू द्यायचीही त्यांची इच्छा नव्हती.

नवऱ्याने साधी माफी मागितली असती, तर पुढचं कदाचित झालं नसतं. पण रविवारी चहाचा ट्रे घेऊन वहिनी दाराशी आल्या, तेव्हा आत कानसेन मित्रांना तीच हकिकत रंगवून सांगत होते. ‘‘मेटलची टेप आणि तिच्यावर सासूबाईंची गुणगुण! म्हटलं, पुसा. सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा सुरात आल्या!’’

विमा एजंट खो खो हसला. डॉक्टरही हसले, मग त्यांना दारातल्या वहिनी दिसल्या आणि त्यांनी तोंड मिटलं. कानसेनांना वहिनी दिसल्याच नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, कारण गाणं सुरू झालं होतं.

वहिनी दारातून त्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. काय सुख होतं त्या चेहऱ्यावर! पोटभर जेवलेलं मूल झोपेत हसावं तसं. आणि तेवढ्यात त्यांना कळलं, आपल्याला नक्की काय हवंय. स्पीकर फोडून उपयोग नव्हता, दुसरे आले असते. भांडून उपयोग नव्हता, विसरले असते. या माणसाने आपलं ऐकण्याचं सुख पुसलं. आता त्याचं पुसायचं. असं, की कुठली चिकटपट्टी लावून परत भरता येणार नाही.

गाणं संपलं. ‘‘ही चांदी!’’ कानसेन डोळे उघडत म्हणाले. ‘‘एक डाग नाही आवाजाला.’’

वहिनींनी शांतपणे कप ठेवले. ‘‘बरं झालं बाई. मला आपली धास्ती होती, त्या जोडाचा काही त्रास होतो की काय.’’

‘‘कसला जोड?’’

‘‘अहो, बोलले नव्हते का मी? गवंड्याची छिन्नी लागून एका बाजूची तार तुटली. मग वायरमनने खराब तुकडा काढला आणि वीतभर तांब्याची तार मधे जोडली. दोन्ही टोकांना चांदीच आहे की. मधे फक्त वीतभर तांबं. तुम्हाला जाणवलं नाही ना? मग झालं तर.’’

कानसेनांनी आधी डाव्या, मग उजव्या भिंतीकडे बघितलं.

‘‘कुठल्या बाजूला?’’ कानसेनांचा आवाज बारीक झाला होता.

‘‘आता ते मी काय सांगणार? तुम्हीच ऐका. माझे कान तर बटाटे,’’ वहिनी म्हणाल्या आणि रिकामा ट्रे घेऊन निघून गेल्या. स्वयंपाकघरात पोचल्यावर आतून त्यांना कितीतरी दिवसांनी गार वाटलं.

तेच गाणं परत लागलं. वहिनी ओट्याशी उभं राहून ऐकत होत्या. अर्ध्यातच थांबलं. परत लागलं. मग डॉक्टरांचा विचारपूर्वक आवाज आला, ‘‘डावीकडे... काहीतरी बुजल्यासारखं वाटतंय हो. दाढेत सिमेंट भरल्यावर चावताना लागतं ना, तसं.’’

‘‘मी म्हणणारच होतो,’’ विमा एजंट म्हणाला. त्याला कधीच काही ऐकू येत नसे, पण मागे राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

‘‘डावी,’’ कानसेन म्हणाले. ‘‘मला आल्या आल्याच शंका आली होती.’’

वहिनींनी तोंडावर पदर दाबला.

त्या आठवड्यात घरात गाणं असं लागलंच नाही. लागले ते गाण्याचे तुकडे. कानसेन डावा स्पीकर उजवीकडे ओढून नेत, उजवा डावीकडे. घामाघूम होत. भिंतीला कान लावून उभे राहत. भिंतीबाहेर आलेली तारेची टोकं त्यांनी खरवडून पाहिली. लख्ख चांदी. पण टोकांचं काय, टोकांना चांदी आहे हे तर बायकोने सांगितलंच होतं. पाइप टाकला असता, तर तार ओढून काढता आली असती आणि क्षणात निकाल लागला असता. तोही त्यांनीच टाकू दिला नव्हता. त्यांनी वायरमनला फोन लावला.

‘‘नाही साहेब, जोड कुठला? अखंड टाकलीय,’’ वायरमन म्हणाला.

‘‘चोर कधी कबूल करतो का!’’ फोन आपटत कानसेन म्हणाले. वायरमनने नाही म्हटल्यामुळे तर त्यांची खात्रीच पटली.

मग ते स्वयंपाकघरात आले. बोलण्यात एकदम लोणी. ‘‘अगं, नीट आठवून बघ ना. डावीच होती ना?’’

‘‘धूळ किती होती, अहो. माझं तोंड कुठे आणि पाठ कुठे, तेच मला कळत नव्हतं,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘तुम्हाला डावीकडे ऐकू येतंय ना? मग डावीच असेल. तुमचे कान का खोटं सांगतील?’’

जेवताना ते घास हातात धरून मधेच खोलीच्या दिशेने मान वळवत. एका संध्याकाळी त्यांनी त्यांची सगळ्यात आवडती तबकडी लावली, थोडा वेळ बसले, मग उठून गॅलरीत गेले आणि आत गाणं चालू असताना बाहेर रस्त्याकडे बघत उभे राहिले. त्यांची पाठ वहिनींना दिसली. खांदे पार उतरले होते. वहिनींना क्षणभर वाटलं, सांगून टाकावं. काही नाही हो तिथे, चांदीच आहे, या, बसा. त्या दोन पावलं पुढेही गेल्या. मग त्यांना चिकटपट्टी आठवली. घरातलीच होती ती, त्यांच्याच शिवणाच्या डब्यातली. त्यांनी पावलं मागे घेतली आणि भाजी चिरायला बसल्या.

पुढच्या रविवारी कानसेनांनी छिन्नी आणि हातोडा आणला. स्पीकरांवर चादरी टाकल्या. डॉक्टर आणि एजंट बाकावर अंग चोरून बसले होते. कानसेनांनी वहिनींनाही बोलावून घेतलं. ‘‘तूही बघ. बटाटे आणि कान यांत काय फरक असतो ते कळेल.’’

एवढं ऐकल्यावर वहिनींच्या मनात जी काही उरलीसुरली कणव होती, तीही गेली. त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या.

डाव्या भिंतीचा गिलावा ढलप्यांनी पडू लागला. नवाकोरा रंग, नवाकोरा गिलावा. खोली धुरळ्याने भरून गेली. कानसेन सुती कापड फाडत फाडत वर सरकत होते. चांदी. आणखी चांदी. छतापाशी पोचले तरी चांदीच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तार चकचकत होती.

डॉक्टर आपल्या बुटांकडे बघायला लागले.

‘‘मग उजवी!’’ कानसेन ओरडले. ‘‘तरीच! तांबं उजवीकडे असलं की त्याच्या ओढीने डावीकडचा आवाज दबतो. हे असंच होतं!’’ आणि कोणी काही म्हणायच्या आत ते उजव्या भिंतीवर तुटून पडले. हातोडा एकदा बोटावर बसला, तरी थांबले नाहीत.

उजवीकडेही चांदी. सगळी अखंड.

आधी एजंटला हसू फुटलं. त्याने रुमाल तोंडात कोंबला, पण ते नाकातून आलं. ‘‘कानसेन, अहो... दोन्हीकडे... आणि डॉक्टरांची दाढ!’’ डॉक्टरांनी त्याला दंडाला धरून उठवलं. दारातून जाताना डॉक्टर वहिनींना म्हणाले, ‘‘येतो वहिनी,’’ आणि पहिल्यांदाच त्यांनी नजर वर केली नाही. जिन्यावरून एजंटचं हसणं खालपर्यंत ऐकू येत राहिलं. दुपारपर्यंत ही हकिकत त्याच्या सगळ्या विमेदारांपर्यंत पोचलेली असणार, यात शंका नव्हती.

कानसेन ढिगाऱ्यात उभे होते. केसांवर, भुवयांवर सिमेंट. ‘‘तू खोटं बोललीस.’’

‘‘हो,’’ वहिनी म्हणाल्या.

‘‘जोड नव्हताच?’’

‘‘नव्हता. मी स्टुलावर बसून बघितलंय.’’

‘‘मग मला ऐकू आलं ते काय होतं?’’

‘‘ते मला कसं कळणार? तुम्ही ऐकलंत. आठवडाभर ऐकलंत.’’

 वहिनींना वाटलं होतं, ते ओरडतील, काहीतरी फेकतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते खुर्चीत बसले, आणि समोरच्या चादरी पांघरलेल्या स्पीकरांकडे बघत राहिले.

भिंती पुन्हा बुजवल्या गेल्या. या वेळी तार बाहेरच राहिली, अगदी डोळ्यांसमोर, म्हणजे कोणाला खोटं बोलायला जागाच नको. तरी काही जमेना. कानसेन तबकडी लावायचे, डोळे मिटायचे, आणि थोड्याच वेळात डोळे उघडून डावीकडे बघायचे. तार तर दिसतेय. चांदी तर आहे. मग हे काय? आणि खरंच काही आहे, की आपल्यालाच वाटतंय? आणि आजवर जे वाटत आलं, तेही असंच? हा शेवटचा प्रश्न आला की ते उठून यंत्र बंद करत. बैठक आता डॉक्टरांकडे भरते, असं ऐकिवात होतं. तिथे तारेचा विषय कोणी काढत नाही म्हणे.

वहिनींना हवं होतं ते मिळालं होतं. त्याचा आनंद झाला, नाही असं नाही. सकाळी उठल्यावर घर शांत असायचं आणि त्यांना वाटायचं, फिटलं. दुपारी कपाट उघडलं की वाटायचं, काहीच फिटलं नाही.

एका दुपारी कानसेन खुर्ची घेऊन दिवाणखान्यात येऊन बसले. तीच ती खुर्ची. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बराच वेळ ते बघत राहिले, मग खाली मान घालून म्हणाले, ‘‘तुझ्या आईचा आवाज कसा होता गं?’’

लग्न झाल्यापासून हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आई जिवंत असतानाही नाही. आवाजात काही मिरवणं नव्हतं, माफी मागायला माणूस कसा अडखळत सुरुवात करतो, तसं होतं. वहिनींच्या तोंडाशी सगळं आलं. जरा खरबरीत होता. वर चढताना चिरायचा, मग ती तिथेच थांबून खाली यायची. हसली की खोकला यायचा. सगळं आलं आणि त्यांनी गिळलं.

‘‘नाही सांगणार,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सांगितलं तर तेवढी आई तुमच्याकडे उरेल.’’

त्यांनी घड्यांचा गठ्ठा उचलला, आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. हात आपोआप कपड्यांवरून फिरत होते, आणि त्याच्याबरोबर ती चाल आली. शब्द नसलेली. वहिनी हळूच गुणगुणू लागल्या. आईसारखं जमत नव्हतं, पण जवळपास होतं.

बाहेर खुर्ची करकरली. मग चोरपावलांचा आवाज, आणि दारापाशी कोणीतरी श्वास रोखून उभं राहिल्याची ती शांतता. वहिनींना कळलं, की एवढ्या वर्षांत या माणसाने इतकं मन लावून काही ऐकलं नसेल.

त्या तिथेच गप्प झाल्या. दारापलीकडे तो श्वास सुटेपर्यंत त्यांनी पुढची घडीही घातली नाही.